तुम्ही विचारलंत म्हणून: घरचं वीज केंद्र असताना नेपाळची वीज कशाला?

सोलापुरात हा प्रश्न हमखास निघतो. दक्षिण सोलापुरात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे कोळशावरचे ६६० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत, उजनीचं पाणी त्यांना जातं. मग शेजाऱ्यांकडे कशाला जायचं?

कारण मेगावॅट किती यापेक्षा ते कधी मिळतात हे महत्त्वाचं. सूर्य मावळला की सौर वीज संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा उचलायला कित्येक तास जातात. बॉयलर आधी तेलावर पेटवून सावकाश तापवावा लागतो. घाई केली तर जाड पोलादावर ताण येऊन तडे जातात. पाण्याची टर्बाइन काही मिनिटांत भार घेते, आणि नेपाळ-भूतानची वीज पाण्याचीच. पण यात गोम आहे. तिथली बरीच केंद्रं वाहत्या पाण्यावरची, साठा जेमतेम. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात नद्या आटतात आणि तेच देश आपल्याकडून वीज घेतात. तेव्हा आपण उपकार करतो वगैरे काही नाही.

खरी सत्ता मात्र तारेत आहे. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (७ लाख ६५ हजार व्होल्टची) वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकाच तालावर आलं. नेपाळ, भूतानही आपल्याच तालावर चालतात. बांगलादेशचं ग्रिड वेगळं. तिथे भेडामारा केंद्रात एसीची (दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) डीसी (एकाच दिशेची), डीसीची पुन्हा एसी होते. त्यामुळे किती मेगावॅट सोडायचे ते नेमकं ठरवता येतं आणि एका बाजूचा झटका दुसरीकडे जात नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज बांगलादेशला गेली, तीही आपल्या मुझफ्फरपूर (बिहार), बहरामपूर (पश्चिम बंगाल) मार्गे. दुसरी वाटच नाही. चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. काठमांडूत हे खुपतं, आणि खुपणारच. जवळपास एकच गिऱ्हाईक असलेल्या विक्रेत्याला दुसरं काय वाटणार? जानेवारी २०२४च्या करारात दहा वर्षांत १०,००० मेगावॅट घेण्याचं ठरलं, त्यातही ही अट सुटली नाही.

उधारीचा घोळ वेगळाच. झारखंडच्या गोड्डा केंद्राची १६०० मेगावॅट क्षमता बांगलादेशसाठीच बांधलेली. २०२४मध्ये बांगलादेशची थकबाकी साचली, पुरवठा निम्म्यावर आला. त्याआधी ऑगस्टमध्येच, पैसे वेळेवर न आल्यास अशा फक्त परदेशासाठी बांधलेल्या केंद्राला भारतीय ग्रिडला जोडून वीज इथे विकता येईल, असा बदल दिल्लीने नियमात करून ठेवला होता.