चार्टातला पावसाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पाऊस नुकताच उघडलेला आणि ऊन मार्च-एप्रिलसारखं चटकायला लागलेलं. सोलापुरात या दिवसांत पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. त्याच रांगेत अक्कलकोट रोडकडच्या एक मावशी होत्या. वय पन्नाशीचं, काम विड्या वळायचं, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास सूप मांडीवर घेऊन एका जागी बसणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

छातीपासून घशापर्यंत जळजळ, सकाळी उठल्यावर तोंडात आंबट पाणी, तोंड आलेलं, दिवसातून तीन-चारदा पातळ शौच आणि तीही चटका देणारी. भूक लागते, पण दोन घास पोटात गेले की नको वाटतं.

"डॉक्टर, मी वंगाळ काही खाल्लंच नाही. सगळं ह्या कागदाप्रमाणंच केलंय की," असं म्हणत त्यांनी पिशवीतून हळदीचे डाग पडलेला, चार घड्यांचा कागद काढला. मुलानं मोबाइलवरून उतरवून छापून आणलेला ऋतूनुसार आहाराचा चार्ट. जून ते सप्टेंबरच्या चौकटीत लिहिलं होतं : आंबट, खारट, तिखट, उष्ण पदार्थ, सुंठ, लसूण, मिरी, गरम पाणी, मध, ताक. बहुतेक ओळींपुढे पेनानं बरोबरची खूण. पथ्य इतकं काटेकोर पाळणारा पेशंट फार कमी दिसतो, आणि नेमक्या त्याच पथ्यानं हे दुखणं आणलं होतं.

अशा वेळी आहाराकडे वळायच्या आधी काही प्रश्न उरकायचे असतात. शौच डांबरासारखी काळी होते का, उलटीत रक्त येतं का, घास अडकतो का, वजन उतरलंय का, चालताना छातीत दाब येतो का, गुडघे-कंबर दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी चालू आहे का. यातल्या एकालाही 'हो' आलं, तर ऋतुचर्येची, म्हणजे ऋतूनुसार खाण्या-वागण्याची, चर्चा बाजूला ठेवून आधी तपासण्या. इथे सगळ्याला 'नाही' होतं आणि कार्डिओग्राम आधीच्या दवाखान्यात काढून झाला होता, व्यवस्थित होता.

मग पावसाळ्यातलं दिवसभराचं खाणं वेळेसकट विचारून घेतलं. सकाळी सहाला अनशापोटी दोन पेले कढत पाणी, त्यात चमचाभर सुंठ आणि मध. नऊला भाकरी आणि लसूण जास्त घातलेली शेंगा चटणी. दुपारी अंबाडीची किंवा चुक्याची भाजी, वर मीठ-मिरी घातलेलं ताक. रात्री चिंचेची आमटी, भात, लोणचं, पुन्हा ताक. चार्टात 'जड टाळा' होतं म्हणून दूध-तूप पूर्ण बंद.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. जळजळ दोन-अडीच महिन्यांपासूनची आणि जुलाब जेमतेम दहा दिवसांचे. एकाच कारणानं दोन्ही झालं असतं तर सुरुवातीत एवढं अंतर पडलं नसतं. कागद पुन्हा बघितला. पुढची चौकट 'ऑक्टोबर-नोव्हेंबर : गोड, थंड, दूध, खीर, काकडी'. विचारलं, तर एक तारखेला लसूण-सुंठ बंद आणि त्याच सकाळपासून थंड दूध, रात्री तांदळाची खीर. जुलाब तीन तारखेपासून. म्हणजे चुका दोन होत्या, आणि दोन्ही त्या कागदातूनच आलेल्या.

पहिली चूक जूनची. आयुर्वेदाच्या संहितेत वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदाचा. ज्येष्ठ-आषाढ हे ग्रीष्माचे महिने. श्रावण लागतो तो जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये. मोबाइलवरच्या चार्टांनी सोयीसाठी जूनपासूनच पावसाळा लावलेला असतो. कोकणात ते खपून जातं. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापुरात सहाशेच्या आसपास, आणि त्यातही सगळ्यात जास्त बहुधा सप्टेंबरात. जून-जुलैत इथे ढग येतात, वारं सुटतं, चार सरी पडतात आणि पुन्हा ऊन. आयुर्वेदाच्या भाषेत कोकण आनूप, म्हणजे पाणथळ, देश, सोलापूर जांगल : पाणी कमी, झाडी कमी, वारा आणि ऊन भरपूर. अशा कोरड्या उन्हात रोज सुंठ-लसूण-चिंच पोटात गेली तर पित्त वाढणारच.

त्याहून मोठी गफलत एका अटीची आहे. वर्षा ऋतूत जेवण ठळकपणे आंबट, खारट आणि स्निग्ध असावं, असं चरकसंहितेत आहे खरं, पण ते वारा-पावसानं गारठलेल्या दिवसासाठी सांगितलंय. चार महिने सरसकट नाही. आंबट-खारटाच्या जोडीला तिथे स्निग्धही आहे, म्हणजे तूप-तेल. चार्ट करणाऱ्यानं अट गाळली, तूप गाळलं, आणि चिंच-मीठ तेवढं ठेवलं. ज्या दिवशी सूर्य दिसत नाही, अंगावर काटा येतो, भूक मेल्यासारखी होते, त्या दिवशी आल्याचा तुकडा, लिंबू, लसणाची फोडणी, वर तूप हे अगदी योग्य. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तर ते त्या दिवशी नको. सोलापुरात अख्ख्या पावसाळ्यात असे खरे गारठ्याचे दिवस मोजकेच निघतात.

मध कढत पाण्यातून घेणं तर कुठल्याच ऋतूत बसत नाही. मध तापवू नये आणि उष्ण पदार्थांबरोबर घेऊ नये, हा आयुर्वेदातला साधा नियम आहे. तरी 'सकाळी गरम पाणी-मध' घरोघरी चालू आहे.

दुसरी चूक एक ऑक्टोबरची. पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हात उसळतं, म्हणून शरदात गोड, कडू, हलकं आणि थंड गुणाचं खायचं, हे बरोबर. पण ते तारीख बघून रातोरात करायचं नसतं. सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होते. त्या १४ दिवसांत जुनं चौथाई-चौथाईनं कमी करायचं आणि नवं तसंच वाढवायचं. चार महिने तिखट-आंबटावर चाललेल्या पोटात अचानक थंड दूध आणि खीर गेली तर ती पचत नाही. मावशींच्या बाबतीत अग्नी, म्हणजे पचनशक्ती, एकीकडे भडकलेला, दुसरीकडे कच्चा. म्हणून भूक लागे, पण अन्न पेलत नसे.

औषध अगदी थोडं दिलं. खरा भर जेवणावर.

पहिले तीन दिवस दूध, खीर, ताक, चिंच, लसूण बंद आणि सकाळ-संध्याकाळ पेया. जुना तांदूळ दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. कोरडाच मंद आचेवर तांबूस भाजायचा. मग त्याच्या १४ पट पाणी, म्हणजे ४०० मिलिलिटरच्या थोडं वर. उघड्या पातेल्यात शीत मऊ होईपर्यंत शिजवायचं. चिमूटभर जिरेपूड, चवीपुरतं सैंधव, वरून अर्धा चमचा तूप. कुकरमध्ये केलं की पाणी आटत नाही, शीत आणि पाणी वेगळं राहतं आणि पिणारा कंटाळतो. तांदूळ न भाजता केला तर चिकट होतो आणि पातळ शौच असणाऱ्याला जड पडतो. दुपारी मऊ भात आणि फोडणीला फक्त तूप-जिरं घातलेलं मुगाचं वरण.

चौथ्या दिवसापासून दुधी, पडवळ, दोडका यांतली एक भाजी. सातव्या दिवसापासून दुपारी एक भाकरी.

भाकरीवर मात्र बराच वेळ बोलावं लागलं. सोलापूरचं माणूस भात चार दिवस सोसतं, पाचव्या दिवशी भाकरी मागतं. घरातली ज्वारी कधीची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. शाळू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. एक वर्ष झालेलं धान्य पचायला हलकं मानतात, नवं धान्य जड. पूर्वी घरातल्या कणगीत मागच्या सुगीची ज्वारी उरलेली असायची, आता पोतं येतं ते यंदाचंच. मावशींचंही यंदाचंच होतं. त्याला उपाय सोपा आहे : दळायला देण्याआधी ज्वारी कढईत हलकी भाजायची, नुसती गरम होऊन वास सुटेपर्यंत. फार भाजली तर पिठाला चिकटपणा उरत नाही आणि भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं, ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. कडक भाकरी हलकी असते पण अतिशय रुक्ष. ती नुसती चावून खाल्ली की बसून काम करणाऱ्या बायकांचा कोठा हमखास धरतो. खायचीच तर पातळ वरणात चुरून, वर तूप घालून.

आणि शेंगा चटणी. शेंगदाणा आणि लाल मिरची दोन्ही चरकाच्या काळात आपल्याकडे नव्हत्याच, त्यामुळे त्यांचे गुण संहितेत शोधू नयेत, पोटाकडे बघून ठरवावेत. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी उष्ण आणि जड, हा निष्कर्ष काढायला फार विद्वत्ता लागत नाही. बंद करा असं मी सांगत नाही, सांगितलं तरी सोलापुरात कुणी ऐकणार नाही. चार चमचे असेल तर तीन, मग दोन, मग एक, प्रत्येक टप्पा तीन दिवसांचा. जोडीला ओलं खोबरं, कोथिंबीर आणि जिऱ्याची चटणी.

जळजळीसाठी धन्याचं पाणी सांगितलं. दोन चमचे धने (१० ग्रॅम) भरड कुटून सहापट म्हणजे ६० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी चोळून, गाळून, खडीसाखर घालून तेवढंच प्यायचं. मुलीनं घरी दोन दिवस ते उकळून, वर आल्याचा तुकडा टाकून दिलं. उकळलं की तो काढा झाला, आणि आल्यानं उरलीसुरली थंडाई गेली. पातेलंभर करून दिवसभर पीत बसायचीही गरज नसते.

चौथ्या दिवशी शौच बांधून आली, जळजळ निम्म्यावर. आठव्या दिवशी मावशी पुन्हा हजर, जळजळ परत आलेली. पेया, मूग, दुधी सगळं बरोबर. चटणी तीन चमच्यांवर आलेली. "आणि ताक?" विचारल्यावर म्हणाल्या, "ते घेतेय की दुपारी. ऊन किती आहे! ताक तर थंड असतंय."

हा समज इतका पक्का आहे की ताकामुळे जळजळ वाढते म्हटलं तर लोक हसतात. ताक स्पर्शाला थंड, पण गुणानं उष्ण. अग्नी मंद असेल, मूळव्याध असेल, पोट फुगत असेल, तेव्हा त्यासारखं पथ्य नाही. पण उष्णकाळात, अशक्त माणसाला, चक्कर-दाह-रक्तपित्तात (रक्तस्रावाच्या विकारात) ताक देऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यात आपलं ताक म्हणजे काय, हेही बघायला हवं. सोलापूरच्या उकाड्यात रात्री नऊला लावलेलं विरजण दोन वाजताच लागलेलं असतं. सकाळपर्यंत ते आंबत राहतं. मग त्यात भरपूर पाणी घालून, मीठ टाकून पितात. पाण्यानं आंबटपणा जिभेला कमी लागतो, पोटात जायचा तेवढा जातोच. शास्त्रातलं तक्र म्हणजे गोडसर दह्यात चौथाई पाणी घालून घुसळलेलं. पित्ताच्या माणसाला कधी द्यायचंच झालं तर असं ताजं, न आंबलेलं, लोणी काढून, साखर घालून, अर्धी वाटी, दुपारच्या जेवणाबरोबर. रात्री नाही. मावशींना दिवाळीपर्यंत तेही नको म्हटलं. ताकाच्या जागी भिजवलेल्या काळ्या मनुका दहा-बारा आणि चमचाभर मोरावळा. मनुका आधी दिल्या नव्हत्या, कारण पातळ शौच असताना त्या कोठा आणखी सैल करतात.

तुपाचं उलट झालं. सांगितलेल्या अर्ध्या चमच्याचे शेजारणीच्या सल्ल्यानं दोन चमचे झाले होते. जीभ पांढरी, जड दिसत असेल आणि सकाळची भूक नसेल तर तूप वाढवायचं नाही. जीभ साफ झाली, ठरल्या वेळी भूक लागली की एक चमचा, पहिल्या घासाबरोबर.

शरदात विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब करवून कोठा साफ करणं, घ्यायची पद्धत आहे. मावशींनी त्याबद्दलही विचारलं, कारण बाजारात 'पोट साफ' करणारी चूर्णं मिळतात. जुलाब नुकतेच थांबलेल्या, पचन अजून कच्च्या असलेल्या माणसाला विरेचन द्यायचं नसतं, आणि स्वतःच्या मनानं तर मुळीच घ्यायचं नसतं.

ताक थांबल्यावर पाच-सहा दिवसांत जळजळ गेली. तोंड बरं व्हायला त्याहून थोडे जास्त दिवस लागले.

डिसेंबरात त्या आल्या त्या वेगळ्याच प्रश्नासाठी. येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) तोंडावर आलेली, माहेरी शेतात जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, त्यानंतर लगेच हुरड्याचे दिवस. खाऊ का नको? हेमंतात अग्नी वर्षातला सगळ्यात बळकट असतो. या दिवसांत भूक मारून मुगाच्या पाण्यावर राहणं हीच चूक ठरते. उंडे तुपाबरोबर, भज्जी पोटभर. आंबील ताकाचीच आणि आंबवलेली, म्हणून सुरुवातीला एक वाटी, तीही दुपारीच. हुरडा नवं धान्य, जड. तो सकाळी, भाजून गरम असतानाच, दोन मुठी, आणि त्या दिवशी दुपारची भाकरी नाही. संध्याकाळी भूक लागली तरच जेवायचं. हुरड्याबरोबर शेंगा चटणी, गूळ, दही सगळं पानात येतं, त्यातलं दही मावशींनी तेवढं बाजूला सारायचं.

"आणि चटणी?"

दोन चमचे.