बिल युनिटमध्ये, सोलर किलोवॅटमध्ये: आमच्या गच्चीचा हिशेब

गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोवॅटचं?" आणि आपल्या हातात असतं महावितरणचं बिल, ज्यात सगळा हिशेब युनिटचा. ह्या दोन आकड्यांची सांगड घालता आली की बाकीचं बरंच सोपं होतं. नाशिकच्या आमच्या घरासाठी मी ती कशी घातली ते सविस्तर लिहिते आहे. पैसे लाखांत जातात आणि कोटेशन देणारे हा भाग समजावून सांगायला थांबत नाहीत, म्हणून.

आम्ही तिघांकडून कोटेशन घेतलं. एकाने २ किलोवॅट सांगितलं, दुसऱ्याने ३, तिसऱ्याने ५. घर तेच, बिल तेच. दोन किलोवॅटवाल्याने कारण विचारल्यावर "एवढ्या घराला पुरतं" इतकंच सांगितलं. तीनवाल्याच्या कागदावर "रोज १२ किलोवॅट वीज मिळेल" असं छापलेलं होतं. पाचवाल्याने मात्र आमच्यासमोर बसून घरातल्या वस्तूंची यादी केली: गीझर २००० वॅट, इंडक्शन २०००, एसी १५००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, पाण्याची मोटर एक एचपी म्हणजे ७४६, मग फ्रीज, पंखे, टीव्ही, दिवे. बेरीज जवळपास पावणेनऊ हजार वॅट. "आता सगळं एकदम थोडंच चालतं, म्हणून पाच सांगतोय," असं म्हणाला. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण ह्या बेरजेत मिक्सर दिवसातून पाच मिनिटं चालतो आणि फ्रीज चोवीस तास, ह्याचा कुठे मागमूस नव्हता.

वॅट किंवा किलोवॅट हा वेग आहे: ह्या क्षणी वीज किती जोरात खर्च होते आहे किंवा तयार होते आहे, ते. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे त्या वेगाने ठरावीक वेळात झालेली एकूण वीज. हजार वॅटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तर एक युनिट. शाळेत हे शिकलेलो असतो, पण प्रत्यक्ष दिसलं की पक्कं बसतं. ते दिसलं आमच्याच मीटरवर.

जिन्याखालच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या बाजूला ३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास असं लिहिलेलं आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. एका रविवारी सकाळी मुलगी मोबाईलवर मिनिट लावून बसली आणि मी दिवा मोजत राहिले. फ्रीज, एक पंखा, वायफाय एवढंच चालू असताना मिनिटाला १२ लुकलुका. गुणाकार सोपा आहे: मिनिटाला १२, तासाला ७२०, भागिले ३२००, म्हणजे ०.२२५ किलोवॅट, २२५ वॅट. मग गीझर लावला आणि दिवा असा धावायला लागला की मोजता मोजता तोंडी आकडे अपुरे पडायला लागले. शेवटी पंधरा सेकंदांचे मोजून चारने गुणले. मिनिटाला जवळपास १२०. दिव्याची ती गती म्हणजे किलोवॅट आणि लुकलुकांची एकूण संख्या म्हणजे युनिट. दोन्ही गोष्टी एकाच दिव्यात दिसतात. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे गीझर जोरात खातो, पण थोडाच वेळ खातो."

अगदी तेच. आमचा गीझर दिवसातून अर्धा तास चालतो: २ किलोवॅट गुणिले अर्धा तास, एक युनिट. बैठकीतला जुना ७५ वॅटचा पंखा चौदा तास फिरतो: एक युनिटहून थोडी जास्तच. वॅटच्या यादीत गीझर पंख्याच्या पंचवीसपट मोठा दिसत होता, पण बिलात दोघेही सारखे. त्याच आठवड्यात आम्ही तीन पंखे बदलून २८ वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले. सोलरच्या आधी करावा असा हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे, हे माझं ठाम मत.

निफाडच्या मामांना फोनवर हे सांगत होते तर ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे तर एचपीवरच चालत आलंय सगळं." खरंच आहे. मीटर नसलेल्या शेतीपंपांना वर्षानुवर्षं एचपीप्रमाणे बिल लावलं जात होतं. पंप किती तास चालला ह्याचा त्यात प्रश्नच नाही. मामांचा द्राक्षबागेचा पंप ५ एचपीचा, म्हणजे ३.७३ किलोवॅट. लाइट आठ तास राहिली आणि पंप तेवढा चालला तर दिवसाला ३० युनिट. दोनच तास चालला तर साडेसात. एचपी तोच, वीज चौपट. मामांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: "मग सोलर पंप घेताना एचपी बघायचा की युनिट?" तिथे दोन्ही बघावं लागतं, कारण बॅटरीविना चालणाऱ्या सोलर पंपाला उन्हाने त्या क्षणी पुरेसा जोर दिला नाही तर पाणी कमी येतं. गच्चीवरच्या ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेल्या, सोलरचं तसं नाही. पॅनेल १ किलोवॅट देत असताना गीझर लावला तर वरचा एक किलोवॅट महावितरणच्या तारेतून येतो, आपल्याला कळतही नाही. म्हणून ऑनग्रिड सोलरचा आकार ठरवताना वस्तूंच्या वॅटची बेरीज कामाची नाही, वर्षाचे युनिट कामाचे. वॅटची बेरीज करायची ती वायरिंग, एमसीबी आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर ठरवताना.

वर्षाचे युनिट शोधायला कुठे जावं लागत नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वीज वापर दिलेला असतो. आमचा मे महिना ४२० युनिट, नोव्हेंबर २४०, आणि बाराही महिन्यांची बेरीज ३,६००. एकट्या मे महिन्याचं बिल पुढे केलं तर वेंडर मोठी सिस्टीम गळ्यात मारणार आणि नोव्हेंबरचं केलं तर लहान बसणार. म्हणून बेरीज वर्षाचीच घ्यावी. त्यात आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरचे धरले. तिला एका पूर्ण चार्जिंगला तीनेक युनिट लागतात, दिवसाआड चार्ज केली तर महिन्याला ४५, वर्षाला साडेपाचशेच्या आसपास. एकूण ४,१५०.

आता पलीकडची बाजू. आपल्याकडे १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, असं सगळेच सांगतात. हा चारचा आकडा कुठून येतो हे मला समजून घ्यायचं होतं. पॅनेलवर लिहिलेले वॅट प्रयोगशाळेत ठरतात: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनेलच्या सेलचं तापमान २५ अंश. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत ऊन असलं तरी त्या पूर्ण ताकदीचं नसतं. दिवसभराचं कमीजास्त ऊन गोळा करून पूर्ण ताकदीच्या तासांत मोजलं तर आपल्या भागात वर्षाची सरासरी पाच तासांच्या थोडी वर जाते. त्यातून उष्णता, धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) ह्यांच्यातली गळती वजा केली की चार उरतात. वर्षाचे साधारण १,४०० युनिट, दर किलोवॅटमागे. ४,१५० भागिले १,४००, म्हणजे जवळपास ३. इतकं सरळ गणित आहे. तीनवाल्याचा आकडा बरोबर होता. त्याच्या कागदावरचे "१२ किलोवॅट" म्हणजे १२ युनिट, हे मी त्याच्याकडून पेनाने दुरुस्त करून सही घेतली. कागदावर युनिट लिहिलेलं नसेल तर उद्या तक्रार कशाच्या आधारावर करणार?

पाच किलोवॅटवाल्याचं म्हणणं होतं, जास्त बनली तर महावितरणला विका. नेट मीटरिंगमध्ये आपण तारेत सोडलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण हे खातं आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला बंद होतं आणि उरलेल्या युनिटचा हिशेब आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी दराने होतो. शिवाय पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि तिथेच थांबते: एकूण ७८,०००. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण आपल्या खिशातून. घरात दोन एसी किंवा इलेक्ट्रिक कार असेल तर गोष्ट वेगळी.

कागदपत्रं करताना किलोवॅट तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. बिलावरचा मंजूर भार म्हणजे एका वेळी आपण तारेतून किती जोराने वीज ओढू शकतो ती मर्यादा. पॅनेलचे किलोवॅट म्हणजे प्रयोगशाळेतल्या उन्हात ती किती देतील. इन्व्हर्टरचे किलोवॅट म्हणजे तो एका वेळी किती रूपांतर करून घरात सोडेल. आमची ५४० वॅटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि इन्व्हर्टर ३ चा. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त का, असं भावजींनी विचारलं. कारण खऱ्या उन्हात पॅनेल पाटीवरचा आकडा क्वचितच गाठतात.

जागेचं म्हणाल तर एक पॅनेल साधारण २८ चौरस फुटांचं, पण मधली मोकळी जागा आणि फिरायला वाट धरून किलोवॅटला शंभर चौरस फूट लागतात. आमच्या गच्चीवर टाकीची सावली सकाळी नऊपर्यंत पूर्व कोपऱ्यात पडते, म्हणून पॅनेलचं स्ट्रक्चर पश्चिमेकडे सरकवून घेतलं. तोंड दक्षिणेला, उतार नाशिकच्या अक्षांशाइतका, वीस अंशांच्या जवळपास. अर्ज, वेंडरची निवड, बसवणं, नेट मीटर, तपासणी हे सगळं राष्ट्रीय पोर्टलवरून होतं. १० किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक पडताळणीची अट २०२४ च्या नियमांनी काढून टाकली आहे. सबसिडीसाठी भारतीय बनावटीचे सेल असलेली पॅनेल लागतात, तेवढं कोटेशनवर लिहून घ्यावं. ह्या भागात मला फार अडचण आली नाही.

सिस्टीम सुरू झाल्यावर इन्व्हर्टरचं ॲप बघायचा नाद घरात सगळ्यांनाच लागला. त्यात वर मोठ्या अक्षरात किलोवॅट आणि खाली लहान अक्षरात आजचे युनिट. फेब्रुवारीच्या स्वच्छ दुपारी वरचा आकडा २.७ ला गेला. एप्रिलच्या रणरणत्या दुपारी तो २.५ वर अडकला, तेव्हा ह्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं. गच्चीवर पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापतात आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के जोर कमी होतो. पण एप्रिलचा दिवस मोठा, त्यामुळे संध्याकाळी युनिट फेब्रुवारीइतकेच, १४ च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सहा-सात, आणि झड लागलेल्या दिवशी दोन-तीन. चारची सरासरी पावसाळ्यात शोधू नये.

नेट मीटर लागल्यानंतरच्या एका बिलात आयात २१४, निर्यात २६८ असं आलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमचा वापर शून्याच्याही खाली?" तसं नाही. त्या महिन्यात इन्व्हर्टरने ३७२ युनिट बनवले होते. त्यातले २६८ तारेत गेले, १०४ घरातच वापरले गेले, आणि रात्री-पहाटे २१४ बाहेरून घेतले. घराचा खरा वापर १०४ अधिक २१४, म्हणजे ३१८. बिलावर निव्वळ वापर शून्य आला आणि ५४ युनिट पुढे ओढले गेले. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

काकूंना बॅटरीचीही ओढ होती, कारण लाइट गेली की ऑनग्रिड सोलर भर उन्हातही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या माणसाला मागून शॉक बसू नये म्हणून ते तसंच हवं. बॅटरीवर लिहितात अँपिअर-तास. घरोघरी असते ती १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी: १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, कागदावर १.८ युनिट, आणि तीही पूर्ण रिकामी करून चालत नाही. त्यावर पंखे-दिवे निघतात, एसी नाही. काकूंचा वर्षाचा वापर १,९०० युनिट आणि त्यांना ३ किलोवॅटचं कोटेशन आलं होतं. त्यांच्याच बिलाच्या पाठीमागे भागाकार मांडून दिला: १,९०० भागिले १,४००, सव्वा ते दीड किलोवॅट. मुलगा पुण्याहून परत येणार आहे आणि त्याच्या खोलीत एसी लागणार आहे, म्हणून त्यांनी दोनचा अर्ज केला आहे.