शेपटाकडची खालची ओळ

मृगाला आमच्याकडं मासा खातात. नांदेड, हिंगोली, परभणी, सगळीकडं ही रीत आहे. वर्षभर मासळीबाजाराकडं न फिरकणारा माणूसही त्या दिवशी पिशवी घेऊन उभा असतो. त्यातही मरळीला मागणी जास्त. हैदराबादला मृगाच्या दिवशी मरळीच्या जिवंत पिल्लातून दम्याचं औषध देतात, त्यासाठी इकडून माणसं रेल्वेनं जातात, त्यामुळं मृग आणि मरळ ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की आहे. आणि नेमका तोच काळ मालाच्या टंचाईचा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद. धरणं तळाला गेलेली. येलदरी, इसापूरचा माल थोडाच येतो. बाकी सगळा आंध्रातल्या तळ्यांचा रोहू-कटला, बर्फात घालून आलेला. मरळ सकाळी नऊलाच संपते.

यंदा ८ जूनला मी पहाटे चारपासून बाजारात माझ्या मासे कापायच्या ओंडक्यासमोर बसलेलो होतो. दुपारी दीडच्या सुमारास गुरुजी आले.

गुरुजींनी मला तिसरी-चौथीला शिकवलं. आमच्या भोईवाड्यातली पोरं शाळेत बसावीत म्हणून घरोघर फिरणारा हा माणूस. माझ्या आईच्या हातचं मासळीचं कालवण त्यांनी आमच्या ओट्यावर बसून खाल्लंय, तेही अशा काळात की गावातली कितीतरी माणसं आमच्याकडं पाणीसुद्धा प्यायची नाहीत. आता वय अठ्ठ्याहत्तर.

"मरळ आहे का रे?"

"संपली गुरुजी, नऊलाच."

"बरं. मग जातो."

"कामून? रोहू घ्या की. कल्ले बघा, लालभडक आहेत."

"चार वर्षं झाली मासा सोडून. कवळी बसवली ना. मरळीचं एक वेळ चालतं, रोहूचा काटा कळत नाही मला."

हे मला माहीतच नव्हतं. वरची कवळी सगळी टाळू झाकून टाकते. आपण काटा ओळखतो तो दातांपेक्षा जिभेनं आणि टाळूनं. घास फिरवताना काटा टाळूला टोचतो आणि आपण तो बोटानं काढतो. टाळू झाकलेली असली की घास मऊ आहे एवढंच कळतं, काटा थेट घशात जाऊन सांगतो.

मी म्हणालो, "गुरुजी, बसा. रोहूचंच बोनलेस करून देतो. एकबी काटा सापडला तर सुरी खाली ठेवीन."

हे वाक्य मी बोललो नसतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

बोनलेस हा शब्द बाजारात फार स्वस्त झालाय. पंगस माशाचं फिलेट, म्हणजे कण्यापासून सोडवलेली मांसाची सलग बाजू, काढून 'बोनलेस' म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, हॉटेलवाले तेच 'बासा' म्हणून दुप्पट भावानं खपवतात. पंगसमध्ये कणा आणि फासळ्या सोडल्या तर जिभेला लागेल असं काही राहत नाही, ते काम शिकाऊ पोरगंही करतं. मी तरुणपणी दोन वर्षं मुंबईत ससून डॉकजवळच्या एका शेडमध्ये होतो, सुरी धरायला तिथं शिकलो. जिताड्याचे बारीक काटे पुढच्या भागात एका ओळीत असतात; बोट उलटं फिरवलं की टोकं लागतात, चिमट्यानं धरून मुंडक्याच्या दिशेनं ओढले की येतात. रोहूला हे चालत नाही. त्याचे बारीक काटे कण्याला धड जोडलेलेच नसतात. मांसात सुटे रुतलेले असतात, आणि बेचकीसारखे दुफाट्याचे. ओढायला गेलं की फाटे मांसात अडकतात आणि फिलेटच्या चिंध्या होतात.

म्हणून रोहू-कटल्याला आपल्याकडं आडवी कापं करतात. पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांनी काढलेला हा शहाणपणाचा मार्ग आहे: काटा काढत बसायचं नाही, कण्यासकट गोल तुकडी पाडायची, खाणारा जिभेनं बघून घेईल. घरात लहान पोर असलं की मी विचारून पोटाची कापं देतो. तिथं फासळ्या असतात, पण फासळी जाड, लांब, डोळ्याला दिसणारी. बेचकी काटा तिथं नसतो. पाठीचं आणि शेपटाकडचं काप जाणत्या माणसाला. दुसरा मार्ग म्हणजे फिलेटवर तीन-तीन मिलिमीटरवर सुरीनं जवळजवळ काप द्यायचे, म्हणजे काट्याचे बारीक तुकडे होतात आणि उकळत्या तेलात कुरकुरीत होतात. पण गुरुजींच्या घरी कालवण करणार होते. तेल नाही, तर तो मार्ग बंद.

उरला तिसरा. तो या बाजारात मी एकटा करतो.

३ किलो २०० ग्रॅमचा रोहू निवडला. खवले काढून, धुऊन, फडक्यानं कोरडा केला, कारण ओल्या माशावर सुरी घसरते. कल्ल्यामागं तिरका काप, कण्याला लागेपर्यंत. मग सत्तूर बाजूला ठेवायचा आणि पातळ, वाकणारी सुरी घ्यायची. पातं आडवं करून कण्यावर टेकवायचं आणि पाठीच्या पराजवळून शेपटाकडं सरकवायचं. जोर द्यायचा नाही. मनगट सैल असलं की पातं कण्याच्या मणक्यावरून घासत जातं, त्याचा बारीक कर्रकर्र आवाज येतो, तो आवाज बंद झाला तर समजायचं की मांस कण्यावर राहायलंय. फासळ्या पात्याखालनं सोलून घ्यायच्या, खाली जाऊ द्यायच्या नाहीत. पित्ताची पिशवी आधीच नखानं न फोडता काढलेली असते. ती फुटली तर पोटाकडचा सगळा भाग कडू. मग शेपटाकडून कातडी मिठाच्या बोटांनी धरायची, पातं तिरपं ठेवायचं आणि सुरी न हलवता कातडीच ओढायची.

आता फिलेट गुलाबी, मधोमध लालसर पट्टा. त्या पट्ट्याच्या वर, पाठीच्या बाजूला, बोट दाबून ओढलं की काट्यांची टोकं एकेक लागतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरके काप द्यायचे आणि मधली पट्टी काट्यांसकट उचलून काढायची. नाल्यासारखी खाच राहते. यात मांस जातं. ३ किलो २०० मधून किलोभर हातात आलं. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. तीन किलोचे पैसे घेता आणि किलो देता, म्हणून भांडतात. गुरुजी भांडले नाहीत. मुंडकं आणि सांगाडा रश्श्याला म्हणून वेगळ्या पिशवीत मागून घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा आला. बँकेत आहे, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. त्यानं खिशातून औषधाची छोटी बाटली काढली आणि ओंडक्यावर ठेवली. आत पाऊण इंचाचा काटा.

"भाऊ, तुमी म्हणला होता एकबी नाही."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या की चौथ्या घासाला गुरुजींच्या घशात टोचलं. घरात जे सगळ्यांकडं करतात तेच केलं, कोरड्या भाकरीचा गोळा गिळायला लावला, मग केळं. दुखणं वाढलं. रात्री अकराला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. काटा जिभेच्या मुळाशी रुतलेला होता, चिमट्यानं निघाला. डॉक्टर भाकरीवरून रागावले. गोळ्यानं काटा आणखी आत दाबला जातो, सरळ दवाखान्यात यायचं, म्हणाले.

मुलगा गेल्यावर शेजारचा दुकानदार मला म्हणाला, "आपला नाही म्हणायचं. सांगाडा दिला होतास ना? रश्श्यातला असेल." आमच्या बाजारात पहिलं उत्तर नेहमी हेच असतं, आणि मला त्याचा राग येतो. पण खरं सांगतो, क्षणभर मलाही तो आधार वाटला. मग मी बाटली उन्हात धरली. काटा दुफाट्याचा होता. मुंडक्यात किंवा फासळीत असा काटा नसतो. आणि त्याच्या दोन फाट्यांपैकी एकाचं टोक निमुळतं नव्हतं. तिरकं, सफाईदार कापलेलं होतं. तुटलेल्या काट्याचं टोक खडबडीत असतं. हे माझ्या सुरीनं झालेलं होतं. म्हणजे पातं त्या काट्याला लागलं होतं, आणि मी तो तिथंच ठेवला होता.

पण कुठला? वरची ओळ मी बोटानं दोनदा तपासली होती.

त्या रात्री घरी एक अख्खा रोहू आणला. एक बाजू उकळली, आणि मी व बायको परात घेऊन बसलो. मांस बोटांनी सोडवत काटे जसे सापडतील तसे त्याच जागी ताटात मांडत गेलो. बायकोनं मोजले. लाल पट्ट्याच्या वर, मुंडक्यापासून शेपटापर्यंत, एक ओळ: ३४. पट्ट्याच्या खाली पुढच्या अर्ध्या भागात नुसत्या फासळ्या. पण पोटाची पोकळी जिथं संपते तिथून शेपटापर्यंत खालीही एक ओळ निघाली. तशाच बेचक्या, पण बारीक आणि जास्त झोपलेल्या. १९.

शेपटाला काटे जास्त, हे तर मी लहानपणापासून बोलत आलोय. पण ती दुसरी, वेगळी ओळ आहे आणि ती नेमकी कुठं सुरू होते, हे २३ वर्षं मासा कापून मी कधी बघितलं नव्हतं. त्याचं कारणही त्या रात्रीच कळलं. एरवी बोनलेस करताना शेपटाकडचा वीतभर भाग मी कटलेटच्या खिम्यात टाकतो. तो यंत्रातून दोनदा निघतो, त्यातल्या काट्याची तक्रार कधी आलीच नाही. त्या दिवशी मात्र गुरुजी होते. चार वर्षांनी मासा खाणार होते. त्यांच्या वाट्याचं मांस कशाला कमी करायचं, म्हणून मी शेपटाकडचा भाग टाकला नाही. मागं चौदा-पंधरा माणसं उभी, डोक्यावर मळका पिवळा बल्ब. वरच्या ओळीची खाच शेपटापर्यंत ओढताना सुरीचं टोक खालच्या ओळीला लागून गेलं असणार.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते, आवाज बसलेला. मी पाया पडलो आणि काय झालं ते सगळं सांगितलं, खिम्याचंही. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती निघाले म्हणालास?"

"त्रेपन्न, गुरुजी."

"आणि दुसऱ्या बाजूचे?"

"ते मोजले नाहीत."

"दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही ना."

घरी येऊन दुसरी बाजू उकळली. वर ३३, खाली १९. फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हां, आता झालं," आणि मग थोडं थांबून, "रविवारी घसा बरा असेल. मरळ मिळाली तर बघ."

मरळीच्या मांसात असे सुटे बेचके नसतात. तरी मी आता बोनलेस म्हणून काही देताना 'नाही' म्हणत नाही. 'काढलेत, बोटानं दाबून बघा' म्हणतो, आणि स्वतः समोर दाबून दाखवतो. काही गिऱ्हाइकं त्यावर वळून पंगसवाल्याकडं जातात. बल्ब बदलून पांढरा लावलाय.

आज बुधवार. विष्णुपुरीच्या एका जाळेवाल्याकडून दीड किलोची जिवंत मरळ आणून टबात सोडलीय, झाकणावर दगड ठेवलाय, कारण मरळ उडी मारून बाहेर पडते. हातात धरायची झाली तर तळहाताला राख लावावी लागते इतकी बुळबुळीत. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलतोय. हे लिहिताना ती शेजारीच आहे. दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घेते, झाकणाला तिच्या नाकाचा हलका टक्‌ आवाज होतो, आणि परत खाली जाते. रविवारला अजून चार दिवस आहेत.