तुम्ही विचारलेत म्हणून: चित्रपटाने पुस्तकाशी किती प्रामाणिक राहावे?

वाचनालयातल्या आमच्या चर्चेत कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाचा विषय निघाला, की चित्रपटाने मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहावे की नाही, हे मला हमखास विचारले जाते. राहायलाच हवे, असे माझे मत आहे. मात्र प्रामाणिक राहायचे ते पुस्तकातल्या कशाशी, हे आधी ठरवावे लागते.

‘सिंहासन’चेच पाहा. जब्बार पटेल यांचा १९७९चा हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. विजय तेंडुलकरांनी या दोहोंची मिळून एक पटकथा केली, तेव्हा बरेच काही गाळावे लागणार हे उघडच होते, आणि प्रसंगांचा हिशेब मांडायचा ठरवले तर दोन्ही पुस्तकांवर अन्याय झाला असे कोणालाही म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. साधूंच्या लेखनाचा खरा ऐवज म्हणजे सत्तेच्या इतक्या जवळ वावरूनही तिच्या बाहेर उभ्या असलेल्या पत्रकाराची नजर, आणि ती नजर निळू फुले यांच्या दिगू टिपणीसमध्ये शाबूत राहिली आहे. मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री एकमेकांवर डाव टाकत असताना दिगू बहुतेक वेळ ऐकत असतो, पाहत असतो. आणि अखेरीस हे सगळे सहन न होऊन तो भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. ते हसणे मी इतक्या वर्षांत विसरू शकलेलो नाही.

‘शाळा’ची अडचण वेगळी आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीत नववीतला मुकुंद जोशी स्वतःच सारे सांगतो, आणि मोठ्या माणसांपुढे गप्प राहून तो मनात जे बोलतो, त्यात त्या पुस्तकाचा जीव आहे. सुजय डहाके यांच्या चित्रपटात वर्ग दिसतो, मुकुंदला आवडणारी शिरोडकर दिसते, आणीबाणीचे दिवस जाणवतात, मुकुंदच्या चेहऱ्यावरची हुरहूरही नेमकी पकडली आहे; परंतु पुस्तकभर चालणारे ते मनातले बोलणे पडद्यावर पुरते मावत नाही. हा दिग्दर्शकाचा दोष आहे असे मी मानत नाही. चित्रपट पाहून घरी आल्यावर मी कपाटातून कादंबरी काढली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसलो, कारण मुकुंदचे बोलणे मला त्याच रात्री ऐकायचे होते.