लॅगिंगखालचा गंज: वेर्ण्यातली एक वाफेची लाईन

मेच्या शटडाऊनमध्ये गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात आम्ही ६ इंची वाफेच्या लाईनचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण, उघडलं. अ‍ॅल्युमिनियमचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचा पत्रा, वरून चकचकीत होतं. प्रेशर गेज ज्या आखूड नळीवर बसतो त्या निपलभोवतीचं सीलंट मात्र वाळून फुटलेलं, आणि त्याखालचं लॅगिंगचं वूल पिळलं तर पाणी गळत होतं. गंजाचे जाड पापुद्रे हातोडीने झाडून जाडी मोजली. मूळची ७.११ मिमी भिंत तळाशी ३.४ मिमी भरली.

वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो, म्हणजे तापमान साधारण १४८ अंश. इतक्या गरम पाइपावर पाणी टिकतं कसं? ही लाईन रात्री बंद व्हायची. थंड पाइपाला ओलावा धरायचा, सकाळी वाफ सोडली की पाणी उडायचं आणि क्षार मागे साठत जायचे. अशी रोज तापणारी-निवणारी लाईन अखंड गरम लाईनीपेक्षा लवकर खाल्ली जाते.

रंग ‘६०० अंश सोसणारा’ सिल्व्हर होता, आणि गोम इथेच होती. सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम रंग २०० अंशांच्या आसपास भाजला गेला तरच पक्का होतो. या लाईनीत तो कधी भाजलाच नाही. नखाने निघत होता. डब्यावरचा तो आकडा उघड्या, कोरड्या स्टीलसाठी असतो. लॅगिंगखाली रंगाला गरम खारं पाणी सोसावं लागतं. नुसतं झिंक सिलिकेट (जस्ताचा रंग) ही तिथे लावू नये, गरम ओलाव्यात झिंक झपाट्याने संपतं.

गंजाने खाल्लेला तुकडा कापून नवा जोडला. बाकीचा पाइप आधी गोड्या पाण्याने धुतला, कारण क्षारावर ब्लास्टिंग (खरखरीत कणांचा जोरदार मारा) केलं तर क्षार खड्ड्यांत दाबले जातात. मग ब्लास्टिंग करून ‘एसए अडीच’ (Sa 2½) म्हणतात तो सफाईचा दर्जा, ५० ते ७५ मायक्रॉन खरबरीतपणा. स्टील दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवं, म्हणून ऊन चढल्यावरच ब्लास्टिंग आणि त्याच दुपारी पहिला कोट. इपॉक्सी फिनॉलिक रंगाचे दोन कोट, प्रत्येकी १०० ते १२५ मायक्रॉन. वेल्डवर आधी ब्रशने एक हात. जाड थापलेला कोट तापल्यावर तडकतो, त्यामुळे ओल्या कोटाची जाडी जागोजागी मोजली. हा रंग २०० अंशांच्या जरा वरपर्यंत चालतो. त्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचा धातूफवारा, म्हणजे वितळवून फवारलेला थर, घ्यावा.

ओलं वूल वाळवून परत बसवायला मी दिलं नाही. नव्या क्लॅडिंगचा आडवा जोड बाजूला, खाली तोंड करून ५० मिमी चढवून घेतला, आणि गेजच्या निपलभोवती वेगळी कॉलर बसवून सीलंट भरलं.