आईच्या बांगडीतली पिन

खालच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये त्यांच्या छताचा फोटो. पापडाएवढा पिवळा डाग, कडेला तपकिरी. "बघ गं, तुमचं मशीन गळतंय का?" काकू चांगल्या आहेत. त्यांनी शेवटी 'का' लावला. नेरुळच्या आमच्या या जुन्या इमारतीत तो कुणी लावत नाही.

वॉशिंग मशीनखाली हात घातला तर खरंच ओलं. खालापूरच्या मोरबे धरणातून निघालेलं पाणी डोंगर, महामार्ग ओलांडून इथवर येतं आणि शेवटी माझ्या पायपुसण्यात मुरतं! आई म्हणाली, "मी म्हणतच होते." ती हे मशीन घरात आल्या दिवसापासून म्हणते आहे. स्वतःच्या साड्या ती अजून बादलीतच धुते.

दुरुस्तीवाल्या दादांना फोन केला. "दाराचं रबर गेलं असणार. व्हिजिट चार्ज वेगळा." न बघताच कसं सांगता, विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पुढून दार असलेल्या मशीनला गळती म्हणजे रबरच." हा आत्मविश्वास मला आवडला नाही. खाली फिल्टरचं झाकण सैल असू शकतं, मागचा पाण्याचा पाइप पाझरू शकतो, साबणाचा खण तुंबून पाणी पुढून ओघळू शकतं, साबण जास्त झाला तर फेससुद्धा वाट काढतो. म्हटलं, आपणच बघू.

मशीनखाली चारही बाजूंनी जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि मी स्टूल घेऊन बसले. पाणी भरताना कागद कोरडा. म्हणजे पाइप आणि खण निर्दोष. ड्रम फिरायला लागला आणि चारेक मिनिटांत पुढच्या कागदावर, डाव्या कोपऱ्यात, एक राखाडी ठिपका उमटला. मग दुसरा. पाणी सोडेपर्यंत थांबायची गरजच उरली नाही. दादा बरोबर होते, हे मी आईला सांगितलं नाही.

प्लग काढला, दार उघडलं. काचेभोवती ते करड्या रंगाचं जाड रबर असतं, त्याला खाली एक खोल घडी असते. त्या घडीत बोट घालायचं धाडस मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं. आत बुळबुळीत काळा चिखल, केसांचा बोळा, दोन रुपयांचं नाणं, अर्धं बटण आणि एक उघडी सेफ्टी पिन. घड्याळात सात वाजतात त्या जागी नखाएवढी चीर.

आईच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्यांच्या मधे एक सोन्याची आहे आणि त्या सोन्याच्या बांगडीत कायम चार-पाच पिना लटकलेल्या असतात. साडीच्या निऱ्या, गाऊनचं तुटलेलं बटण, पिशवीचा बंद, पायात गेलेला काटा, सगळ्याला तीच हत्यारं. मी पिन तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून नीट पाहिली. "ही माझी नाही. माझ्या पितळी असतात." मग दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि माझा गाऊन मशीनमध्ये टाकतं कोण?"

दाराच्या आतल्या कडेवरच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर लिहून घेतला आणि स्टेशनजवळच्या दुकानातून नवं रबर आणलं. जुनं काढायला वरचं झाकण, साबणाचा खण आणि समोरचा पत्रा असं सगळंच उतरवावं लागलं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला आणि स्क्रू वाट्यांमध्ये ठेवले. आमटीच्या वाट्या, त्यामुळे त्या दिवशी जेवण ताटलीत.

पत्रा निघाल्यावर आत दिसलं ते बघून मी आईला हाक मारली. टबाला चक्क काँक्रीटचा ठोकळा बांधलेला! ओले कपडे एका बाजूला गोळा होऊन ड्रम मिनिटाला हजारएक फेऱ्या मारायला लागला की स्प्रिंगांवर टांगलेला टब थयथयाट करेल. म्हणून हे वजन. आईने ठोकळ्यावर बोटांनी टकटक केलं. "बघ, म्हणून वर चढवायला चार माणसं लागली. मला वाटलं, महाग आहे म्हणून भारी आहे."

रबराला घट्ट धरणारी आतली रिंग स्क्रूची होती, ती सुटली. बाहेरची मात्र तार आणि स्प्रिंगची. एका बाजूने बसवावी तर दुसरीकडून टण्णकन सुटते आणि थेट बेसिनखाली जाते. तीनदा गेली. चौथ्यांदा आई पदर खोचून खाली बसली. "सरक. कुकरची रिंग बसवतेस ना, तशीच ही. आधी वरचं दाब, मग दोन्हीकडून खाली उतर." रबराच्या कडेला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब लावले, ती अंगठ्यांनी धरत गेली, मी स्प्रिंग ताणत खाली आले. बसली! मग माझ्या लक्षात आलं की रबरातली पाणी निथळायची भोकं तळाशी यायला हवीत आणि ती चांगली वीतभर बाजूला गेलीत. आई काही बोलली नाही. पुन्हा सगळं काढलं.

संध्याकाळी पंधरा मिनिटांची धुलाई लावून आम्ही दोघी मशीनसमोर मालिका बघायला बसावं तशा बसलो. खाली ताजी वर्तमानपत्रं. कागद शेवटपर्यंत कोरडा राहिला. आता दार किलकिलं ठेवतो, घडी फडक्याने पुसतो आणि गाऊन आत जाण्याआधी आईला हात पुढे करायला लावून बांगडीतल्या पिना मोजतो. तिला हा अपमान वाटतो.

दहा दिवसांनी काकूंची बेल वाजली. मी हसतमुखाने दार उघडलं. त्यांनी मोबाईल पुढे केला. डाग आता पापडाचा राहिला नव्हता, त्याची भाकरी झाली होती. आई माझ्या मागून डोकावून म्हणाली, "बाथरूमच्या फरशीतनं असणार. मी म्हणतच होते."