विल्यम्स की मिशिगन? लेकीचं कॉलेज ठरवताना

मार्चअखेर लेकीच्या हातात प्रवेश मिळाल्याची दोन पत्रं होती. एक मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागातल्या विल्यम्स कॉलेजचं. खासगी, १७९३ सालचं, विद्यार्थी जेमतेम दोन हजार. दुसरं आमच्याच राज्यातल्या, अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचं. सरकारी, विद्यार्थी ५० हजारांवर. १ मेपर्यंत एका ठिकाणी डिपॉझिट भरायचं होतं. लेकीला गणित करायचंय, हे मात्र पक्कं होतं.

पैशांचं आधी सांगते, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. विल्यम्सचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे. आम्ही त्याच राज्याचे रहिवासी, म्हणजे इन-स्टेट असल्याने मिशिगनचा साधारण ३५ हजार. एवढं वाचून अनेक जण खासगी कॉलेजचा फॉर्मच भरत नाहीत, आणि ते मला फार खटकतं. विल्यम्सने २०२२पासून आपल्या मदतीतून कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची अट काढून टाकली. देतात ते सगळं अनुदान. कमी उत्पन्नाच्या घराला असं कॉलेज सरकारी विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडू शकतं. तेव्हा छापील फी बघू नका, कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील याचा अंदाज तो देतो. आमचं उत्पन्न मधलं, म्हणून मदत बेताची मिळाली. नवऱ्याच्या पगारात त्या वर्षी एकदाच आलेला बोनस धरला होता, तो कागदपत्रांसह दाखवून अपील केलं, तेव्हा रक्कम थोडी वाढली. तरीही फरक मोठाच होता. पण ओढाताण करून झेपलं असतं, त्यामुळे प्रश्न पैशांवर मिटला नाही.

मग मी दोन्हीकडचा कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजं ठरावीक नमुन्यात जाहीर करतात ती आकडेवारी, उघडली. त्यातला आय-३ हा तक्ता प्रत्येक पालकाने बघावा. २ ते ९ विद्यार्थ्यांचे वर्ग किती, १० ते १९चे किती, असं करत शंभरावरच्या वर्गांपर्यंत सगळं त्यात असतं. फक्त तो वाचायचा कसा, हे कळायला हवं. समजा, एका विद्यापीठात दहा-दहा मुलांचे १० वर्ग आहेत आणि ४०० मुलांचा एक. ‘आमचे ९० टक्के वर्ग छोटे’ हे म्हणणं खरंच असतं. पण एकूण ५०० जागांपैकी ४०० त्या एका मोठ्या वर्गात असतात, म्हणजे मुलांचा बहुतेक वेळ तिथेच जातो. हे हिशेबात धरल्यावर विल्यम्स आणि मिशिगनमधलं अंतर माहितीपत्रकात दिसतं त्याहून बरंच मोठं निघालं.

अ‍ॅन आर्बरला लेक इकॉनॉमिक्सच्या एका लेक्चरला बसून आली. सभागृह भरलेलं, प्राध्यापक शिकवायला उत्तम, पण शंका विचारायची ती आठवड्याच्या डिस्कशन सेक्शनमध्ये, जीएसआयला, म्हणजे तिथेच पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असतात. एका आठवड्यात एकाने लिहून आणायचं, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. खरं सांगते, माझं मन तिथेच गेलं होतं. अठराव्या वर्षी आपलं लिखाण कुणीतरी दर आठवड्याला इतकं बारकाईने वाचणं, याचं मोल मला फार वाटतं.

लेकीने वेगळंच केलं. दोन्हीकडचे कोर्स कॅटलॉग घेऊन चार वर्षांत सेमिस्टरमागे सेमिस्टर काय घेता येईल, ते वहीत लिहून काढलं. विल्यम्सचं गणित नावाजलेलं आहे. उन्हाळ्यातला ‘स्मॉल’ हा संशोधनाचा उपक्रम १९८८पासून चालू आहे. पण तिथे गणितात पीएचडी नाही, त्यामुळे त्या पातळीचे कोर्सही नाहीत, आणि एपीचे, म्हणजे शाळेतच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, गुण पदवीच्या क्रेडिटमध्ये धरत नाहीत. मिशिगनला पहिल्याच वर्षी मॅथ २९५-२९६ हा ऑनर्स, म्हणजे जास्त खोलात जाणारा क्रम, दुसऱ्या वर्षी ३९५-३९६, आणि पुढे पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत बसायची सोय. तिच्या वहीत विल्यम्सचं चौथं वर्ष विरळ दिसत होतं आणि मिशिगनचं भरगच्च.

“आई, मोठ्या लेक्चरचं तू नको गं टेन्शन घेऊ. माझे गणिताचे वर्ग तिथेही लहानच आहेत,” ती म्हणाली. ते बरोबर होतं. मी सरासरी बघत होते, ती स्वतःचं टाइमटेबल बघत होती. ज्या मुलाला विषय अजून शोधायचाय, त्याच्यासाठी हीच वही विल्यम्सच्या बाजूने बोलली असती, असं मला आजही वाटतं.

नवऱ्याचा मुद्दा कॉलेजच्या नावाचा होता, मोठ्या नावाने पुढे कमाई वाढते का, असा. त्यावर संशोधन आहे. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या २००२च्या अभ्यासात, सारख्या गुणवत्तेची आणि सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली मुलं घेतली, तर जास्त निवडक कॉलेजमुळे पुढची कमाई फारशी वाढलेली दिसली नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा दिसला. २०२३मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की सरासरी कमाईत फरक थोडाच, पण अगदी वरच्या एक टक्क्यात आणि नामांकित कंपन्यांत पोचण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र तो अभ्यास आयव्ही, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ जुनी खासगी विद्यापीठं, आणि त्यांच्या जोडीच्या अशा १२ संस्थांचा आहे, विल्यम्स त्यात नाही. हे वाचल्यावर नवऱ्याने तो मुद्दा सोडला.

डिपॉझिट भरण्याआधी लेकीने गणित विभागाच्या सल्लागारांना मेल करून २९५ला थेट बसता येईल का, ते विचारून घेतलं. उत्तर लगेच आलं, आणि तिने मिशिगन नक्की केलं. ट्युटोरियल हुकल्याची चुटपुट तिलाही होती. म्हणून तिने तिथल्या रेसिडेन्शिअल कॉलेजला नाव दिलं. १९६७पासून चालू असलेला हा मोठ्या विद्यापीठातला छोटा गट, ईस्ट क्वाड या वसतिगृहात राहणारा. पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मुलं मोजकी असतात आणि लिहून भरपूर घेतात.